बटण लावलं आणि १००४ सुरू झाली: मॅक्रोतल्या चुका इथे विचारा

नवखी_हिशोबनीस

नमस्कार मंडळी. एक्सेलमधल्या एका मॅक्रोने (ठरलेलं काम आपोआप करणाऱ्या कोडने) डोकं उठवलंय. मॅक्रो माझा नाही, आधीच्या सहकाऱ्यांचा. ते आता दुसरीकडे गेलेत. काम तसं साधं आहे. 'डेटा' शीटवरची जुनी माहिती पुसायची, नव्या फाइलमधल्या ओळी आणायच्या, प्रत्येक मालाच्या कोडसमोर 'दर' शीटवरून दर लावायचा आणि शेवटी बेरीज.

आजवर आम्ही 'डेटा' शीट उघडून, आल्ट-एफ८ दाबून यादीतून मॅक्रो चालवायचो. बिनबोभाट चालायचा. सगळ्यांची सोय व्हावी म्हणून मी 'मुख्य' शीटवर एक बटण टाकलं, त्यावर डबल क्लिक केलं आणि जी जागा उघडली तिथे तोच कोड चिकटवला. तेव्हापासून रनटाइम एरर १००४, 'ॲप्लिकेशन-डिफाइन्ड ऑर ऑब्जेक्ट-डिफाइन्ड एरर'. डीबग दाबलं की ही ओळ पिवळी होते:

वर्कशीट्स("डेटा").रेंज(सेल्स(२, १), सेल्स(शेवट, ६)).क्लिअरकंटेंट्स

(फोनवरून लिहितेय म्हणून कोड देवनागरीत. मूळ अर्थातच रोमनमध्ये आहे, शीटची नावंसुद्धा.)

शीटचं नाव बरोबर आहे. शीटला पासवर्ड नाही. कोडचं एक अक्षर बदललेलं नाही. मग चुकतंय कुठे?

कोष्टक

१००४ हा आकडा फारसा मनावर घेऊ नका. एक्सेलला एखादी गोष्ट जमली नाही आणि नेमकं कारण सांगायचं नसलं की तो १००४ देतो. संरक्षित शीटवर लिहायला गेलात, १००४. शीटच्या नावात ३१ च्या वर अक्षरं टाकलीत, १००४. मर्ज केलेल्या सेलचा अर्धाच भाग पुसायला गेलात, तरी १००४.

तुमच्या बाबतीत बहुतेक 'डेटा' शीट समोर नसते हे कारण आहे. नुसतं 'सेल्स' लिहिलं की ते समोर उघडलेल्या शीटवरचे सेल धरले जातात. पिवळ्या ओळीच्या वर वर्कशीट्स("डेटा").ॲक्टिव्हेट टाकून पाहा.

नवखी_हिशोबनीस

टाकलं. स्क्रीनवर 'डेटा' शीट येताना डोळ्यांनी दिसते, आणि लगेच तीच एरर, त्याच ओळीवर. आता तर मी जास्तच गोंधळले.

जुना_खेळाडू

ताई, मॅक्रोचा नाद सोडा. एक्सेल २०१६ पासून पॉवर क्वेरी आतच मिळते. फाइलमधल्या ओळी आणणं, दर जुळवणं हे सगळं तिथे माउसने होतं. कुणी सोडून गेलं तर त्याचा कोड वाचत बसायला नको.

कोष्टक

अहो, त्यांनी विचारलंय काय, तुम्ही सांगताय काय! चालता मॅक्रो बंद पडलाय, तो आधी सुरू तर होऊ दे.

एफ_आठ

कोष्टक यांनी कारण बरोबर पकडलंय, उपाय मात्र इथे लागू पडत नाही. त्याचं उत्तर प्रश्नातच आहे: "बटणावर डबल क्लिक केलं आणि जी जागा उघडली तिथे तोच कोड चिकटवला."

ती जागा म्हणजे 'मुख्य' शीटचं स्वतःचं मॉड्यूल. कोड लिहायच्या एडिटरमध्ये डाव्या हाताला जी झाडासारखी यादी दिसते, तिच्यात प्रत्येक शीटच्या नावाखाली एक कोडपान असतं. 'मॉड्यूल१' वगैरे साधी मॉड्यूल्स वेगळी. साध्या मॉड्यूलमध्ये नुसतं 'सेल्स' किंवा 'रेंज' लिहिलं की त्याचा अर्थ होतो समोर असलेल्या शीटवरचे. तेच शब्द एखाद्या शीटच्या मॉड्यूलमध्ये लिहिले की त्यांचा अर्थ होतो *त्या शीटवरचे*, मग समोर कुठलीही शीट असो. म्हणून तुम्ही 'डेटा' समोर आणली तरी कोडातलं 'सेल्स' मात्र 'मुख्य'वरच बसलेलं आहे. तुमची ओळ एक्सेलला असं सांगते: 'डेटा' शीटवरची अशी रेंज दे, जिचं पहिलं टोक 'मुख्य'वर आहे आणि दुसरंही 'मुख्य'वर. अशी रेंज असूच शकत नाही.

आधी चालायचा कारण कोड मॉड्यूल१ मध्ये होता आणि तुम्ही 'डेटा' उघडूनच तो चालवायचात. म्हणजे चूक आधीपासून होतीच, फक्त अडचण येत नव्हती.

दुरुस्ती अशी:

विथ वर्कशीट्स("डेटा")
  .रेंज(.सेल्स(२, १), .सेल्स(शेवट, ६)).क्लिअरकंटेंट्स
एंड विथ

'सेल्स'च्या आधीचा टिंब विसरू नका, सगळी जादू त्यातच आहे. टिंब असला की ते सेल 'विथ'मध्ये सांगितलेल्या शीटचे. ॲक्टिव्हेटची ओळ काढून टाका. मॅक्रोत शीट समोर आणायची गरज जवळजवळ कधीच नसते. मॅक्रो रेकॉर्डर ती सवय लावतो, कारण तो तुमच्या बोटांची नक्कल करत असतो.

आणखी दोन गोष्टी. कोड परत मॉड्यूल१ मध्ये हलवा आणि बटणाच्या कोडात नुसती त्याला हाक मारा. आणि 'शेवट' कसा काढलाय ती ओळ इथे टाका. मला शंका आहे.

नवखी_हिशोबनीस

चाललं! टिंबाने चाललं! धन्यवाद.

'शेवट'ची ओळ: शेवट = सेल्स(रोज.काउंट, १).एंड(एक्सएलअप).रो

एफ_आठ

शंका खरी ठरली. इथेही नुसतं 'सेल्स' आहे. बटणावरून चालवताना हा 'मुख्य' शीटचा शेवट मोजत होता. 'मुख्य'वर पंधरा-वीस ओळी असतील तर 'डेटा'मधल्या तेवढ्याच पुसल्या जातील आणि खालच्या जुन्या ओळी तशाच राहतील. एरर येणार नाही, बेरीज मात्र फुगेल. ही ओळही 'विथ'च्या आत घ्या, टिंब लावून.

दुसरी फाइल उघडताना हाच प्रकार वर्कबुकच्या पातळीवर होतो. वर्कबुक्स.ओपन झालं की नवी फाइल समोर येते, आणि त्यापुढे नुसतं वर्कशीट्स("दर") लिहिलंत की 'दर' शीट त्या नव्या फाइलमध्ये शोधली जाते. सापडत नाही, एरर ९. तेव्हा ज्या फाइलमध्ये मॅक्रो आहे तिच्यासाठी दिसवर्कबुक लिहा आणि उघडलेल्या फाइलसाठी वेगळं व्हेरिएबल ठेवा: सेट नवी = वर्कबुक्स.ओपन(पत्ता). ॲक्टिव्हवर्कबुकवर भरवसा नको.

उभा_आडवा

माझा प्रश्न छोटा आहे. पंधरा हजार ओळींपर्यंत लूप छान चालतो, या वेळी मोठी फाइल आली तर 'एरर ६, ओव्हरफ्लो'. संगणकाची मेमरी वाढवावी लागेल का?

कोष्टक

मेमरीचा काही संबंध नाही. ओळ मोजणारं व्हेरिएबल 'इंटिजर' (छोट्या पूर्णांकांचा प्रकार) असणार. व्हीबीएचा, म्हणजे मॅक्रो ज्या भाषेत लिहितात तिचा, इंटिजर ३२,७६७ च्या पुढे मोजत नाही, आणि एक्सेल २००७ पासून शीटवर १०,४८,५७६ ओळी असतात. 'ॲज लाँग' (मोठ्या पूर्णांकांचा प्रकार) करा. व्हीबीएत इंटिजर वापरावा असं कारण मला तरी आजवर सापडलेलं नाही.

गंमत म्हणून इमिजिएट विंडोत (एडिटरमधली, एकेक ओळ लगेच चालवून बघायची खिडकी) ? २०० * २०० टाकून बघा. दोन्ही आकडे इंटिजर, म्हणून गुणाकारही इंटिजरमध्येच होतो, आणि ४०,००० ला ओव्हरफ्लो मिळतो. उत्तर ज्यात ठेवायचं ते व्हेरिएबल लाँग असलं तरीसुद्धा!

नवखी_हिशोबनीस

मी परत आले. मॅक्रो चालतो, एरर नाही, पण दर चुकीचे लागतायत. सगळे नाही, मधलेच काही. 'के४१२'ला जो दर आहे तोच खालच्या 'के४१३'ला लागलाय. के४१३ चा दर वेगळा आहे, मी स्वतः 'दर' शीटवर पाहिला. लूप असा आहे:

ऑन एरर रिझ्युम नेक्स्ट
फॉर आय = २ टू शेवट
  दर = ॲप्लिकेशन.वर्कशीटफंक्शन.व्हीलुकअप(.सेल्स(आय, १).व्हॅल्यू, दरयादी, ३, फॉल्स)
  .सेल्स(आय, ५).व्हॅल्यू = दर
नेक्स्ट

एफ_आठ

पहिलीच ओळ बघा. 'ऑन एरर रिझ्युम नेक्स्ट' म्हणजे एरर आली तरी गप्प बस आणि पुढच्या ओळीवर जा.

आता लूप एकेक ओळ चालवा. के४१२ सापडला, दर = १८५ समजा. तो सेलमध्ये गेला. पुढची फेरी, के४१३. वर्कशीटफंक्शनमधून बोलावलेल्या व्हीलुकअपला यादीत मालाचा कोड सापडला नाही की तो एरर फेकतो. एरर गिळली गेली, म्हणजे 'दर'मध्ये नवं काहीच भरलं गेलं नाही. आधीचे १८५ तसेच बसलेत. पुढची ओळ ते १८५ के४१३ समोर लिहून मोकळी. एक्सेलच्या दृष्टीने सगळं आलबेल!

म्हणून मला १००४ परवडते. ती निदान थांबवते. ही गप्प बसणारी ओळ चुकीचा आकडा कागदावर आणते आणि कुणाला पत्ता लागत नाही. आधीचे महिनेही एकदा तपासून घ्या.

असं करा. 'वर्कशीटफंक्शन' हा शब्द काढा, नुसतं ॲप्लिकेशन.व्हीलुकअप ठेवा. ते एरर फेकत नाही, एररचं मूल्य परत देतं, आणि आपल्याला विचारता येतं:

दर = ॲप्लिकेशन.व्हीलुकअप(.सेल्स(आय, १).व्हॅल्यू, दरयादी, ३, फॉल्स)
इफ इजएरर(दर) देन
  .सेल्स(आय, ५).व्हॅल्यू = "दर नाही"
एल्स
  .सेल्स(आय, ५).व्हॅल्यू = दर
एंड इफ

'दर' हे व्हेरिएबल 'व्हेरिएंट' (कुठल्याही प्रकारचं मूल्य घेणारं) हवं. डबल (आकडा) किंवा स्ट्रिंग (मजकूर) असेल तर न सापडलेल्या कोडवर 'एरर १३, टाइप मिसमॅच' येईल. आणि ऑन एररची ओळ पूर्ण काढा.

नवखी_हिशोबनीस

केलं. बऱ्याच ओळींसमोर 'दर नाही' आलं, आणि त्यातले बहुतेक कोड 'दर' शीटवर आहेत! के४१३ सुद्धा. दोन्ही सेल शेजारी ठेवून पाहिले, फरक दिसत नाही.

बिनचूक

डोळ्यांना दिसणारच नाही. इमिजिएट विंडोत ? लेन(...) करून दोन्ही सेलची लांबी विचारा. एकीकडे ४ आणि दुसरीकडे ५ येईल असा माझा अंदाज. मालाचे कोड वेबपानावरून किंवा मेलमधून कॉपी झाले असतील तर शेवटी एक न तुटणारी मोकळी जागा चिकटून येते, कॅरॅक्टर क्रमांक १६०. ट्रिम फक्त साधी मोकळी जागा, म्हणजे ३२ क्रमांकाची, काढतो; १६० ला हात लावत नाही. आधी रिप्लेस वापरून सीएचआरडब्ल्यू(१६०) च्या जागी काहीच नाही असं करा, मग ट्रिम.

लांबी सारखीच आली तर एकीकडे आकडा आणि दुसरीकडे आकड्यासारखा दिसणारा मजकूर असा घोळ असतो. तुमच्या मालाच्या कोडात अक्षर आहे, त्यामुळे ते इथे नसावं.

नवखी_हिशोबनीस

४ आणि ५ च! आता खरोखर दर नसलेले तीनच उरले, ते नवे माल आहेत. त्यांचे दर मागवते.

एक तक्रार मात्र आहे. 'डेटा' शीटवर काही बदललं की शेजारी आपोआप तारीख पडायची, ती बंद झाली. तो कोड मी शिवलेलासुद्धा नाही.

एफ_आठ

तपासताना मध्येच एरर आली आणि तुम्ही 'एंड' दाबलं असेल. मॅक्रोच्या सुरुवातीला ॲप्लिकेशन.एनेबलइव्हेंट्स = फॉल्स (बदल झाला की आपोआप चालणारा कोड बंद) असणार आणि ते परत ट्रू करणारी ओळ तळाला. तिथपर्यंत गाडी पोचलीच नाही. स्क्रीनअपडेटिंग (पडदा ताजा होणं) मॅक्रो संपला की आपसूक पूर्ववत होतं. इव्हेंट्स आणि हिशोबाची पद्धत तशी होत नाही. इमिजिएट विंडोत ॲप्लिकेशन.एनेबलइव्हेंट्स = ट्रू लिहून एंटर मारा, तारीख परत पडू लागेल. आकडे बदलूनही सूत्रं हलत नसतील तर कॅल्क्युलेशन 'मॅन्युअल'वर अडकलंय का तेही बघा.

कायमचा उपाय हवा असेल तर 'ऑन एरर गोटू आवरा' लिहा आणि 'आवरा:' या खुणेखाली या दोन्ही गोष्टी पूर्ववत करा. चूक झाली तरी आणि नाही झाली तरी कोड त्याच दारातून बाहेर पडला पाहिजे. त्याच जागी एर.डिस्क्रिप्शन (चुकीचं वर्णन) दाखवायला विसरू नका, नाहीतर परत गिळागिळी सुरू.

शेवटची_ओळ

या धाग्यावरच विचारते. माझ्या फाइलमध्ये शीटची नावं मराठीत आहेत, 'जानेवारी', 'फेब्रुवारी' अशी. कोडात ती नावं चिकटवली की नुसती प्रश्नचिन्हं उमटतात आणि चालवलं की 'एरर ९, सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज'. विंडोजमध्ये भाषा बदलून उपयोग होईल का?

बिनचूक

भाषा मराठी करून उपयोग नाही. व्हीबीएचं एडिटर युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीचा एकच अक्षरसंच) रुळण्याच्या आधीच्या काळातलं आहे. व्हीबीए एक्सेलमध्ये १९९३ मध्ये आलं आणि कोडाच्या खिडकीत तेव्हाचीच पद्धत आजही आहे. ती खिडकी जुन्या कोडपेजवर (मोजक्या लिप्यांपुरत्या अक्षरतक्त्यावर) चालते, आणि देवनागरीसाठी विंडोजमध्ये तसं कोडपेज कधी नव्हतंच. म्हणून अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात, आणि '????????' नावाची शीट अस्तित्वात नाही, म्हणून एरर ९. त्या नावाची नवी शीट करायला गेलात तर १००४ येईल, कारण शीटच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही.

पण ही अडचण फक्त कोडाच्या खिडकीची आहे. व्हेरिएबलमध्ये मराठी अक्षरं नीट राहतात. म्हणून नावं कोडात लिहूच नका. एका शीटवर महिन्यांची यादी ठेवा आणि नाव सेलमधून वाचा. वर्कशीट्स(यादीतल्या सेलची व्हॅल्यू) व्यवस्थित चालतं. किंवा शीटचं कोडनेम वापरा. एडिटरमध्ये शीट निवडून एफ४ दाबलं की सगळ्यात वर कंसातलं 'नेम' दिसतं, ते रोमनमध्ये काहीही ठेवा आणि कोडात थेट तेच लिहा. कुणी खालच्या टॅबवरचं नाव बदललं तरी कोड मोडत नाही. फक्त हे ज्या फाइलमध्ये कोड आहे तिच्याच शीटसाठी चालतं.

तपासताना मेसेजबॉक्सवर विसंबू नका, तोही मराठीची प्रश्नचिन्हं करून दाखवतो. सेलमध्ये लिहून बघा.

आणि मराठीतली एक खास खोड. 'कर्मचाऱ्यांची' मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ आणि हलन्त देतात, काही साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे, व्हीबीएच्या लेखी दोन वेगळे शब्द. एका कीबोर्डवरून शीटला नाव दिलं आणि दुसऱ्यावरून यादी लिहिली तर परत एरर ९. यादीतलं नाव टॅबवरूनच कॉपी करा.

शेवटची_ओळ

कोडनेमने झालं. आणि आमच्याकडे 'कर्मचाऱ्यांची' खरंच दोन प्रकारची निघाली!

उभा_आडवा

लाँगने माझंही झालं. आता हीच फाइल एक्सेलसारख्या लिबरऑफिस कॅल्कमध्ये चालेल का?

कोष्टक

थोडीफार. मॉड्यूलच्या सुरुवातीला 'ऑप्शन व्हीबीएसपोर्ट १' असलं की साधा कोड बऱ्यापैकी चालतो, फॉर्म वगैरे असतील तर आशा नको. तिथल्या पद्धतीने नव्याने लिहिणार असाल तर एक ध्यानात असू द्या: सेल निवडणाऱ्या गेटसेलबायपोझिशन मध्ये कॉलम आधी आणि ओळ नंतर, आणि मोजणी शून्यापासून. (०, १) म्हणजे ए२. एक्सेलच्या सवयीने (२, १) लिहिलंत तर सी२ मध्ये जाऊन पडाल, एररसुद्धा येणार नाही.

जुना_खेळाडू

मी म्हटलं होतं, पॉवर क्वेरी.

नवखी_हिशोबनीस

जुना_खेळाडू, पुढच्या महिन्यात नक्की शिकते :)

आता शेवटची अडचण. दुरुस्त फाइल सहकाऱ्यांना मेलने पाठवली. त्यांच्याकडे वर लाल पट्टी येते, 'मायक्रोसॉफ्टने मॅक्रो अडवले आहेत' अशा अर्थाची, आणि 'एनेबल कंटेंट'चं बटणच नाही.

एफ_आठ

२०२२ पासून इंटरनेटवरून किंवा मेलमधून आलेल्या फाइलचे मॅक्रो आपोआप अडवले जातात. उतरवताना विंडोज फाइलला 'बाहेरून आली' अशी खूण लावतं. फाइल बंद करा, तिच्यावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, तळाशी 'अनब्लॉक'वर टिक, ओके. अर्थात पाठवणारा ओळखीचा असेल तरच. मॅक्रो सिक्युरिटीत जाऊन सगळेच मॅक्रो खुले करू नका.

नवखी_हिशोबनीस

तिघांपैकी दोघांचं झालं. तिसऱ्यांना मी झिप करून पाठवली होती. ते म्हणतात, टिक लावून चालते, पण झिपमधून परत काढली की परत लाल पट्टी.

एफ_आठ

खूण झिपलाच लागलेली आहे, आतल्या फाइलला ती दर वेळी तिथून मिळते. आधी झिप अनब्लॉक करायला सांगा, मग फाइल बाहेर काढा.

नवखी_हिशोबनीस

झालं त्यांचंही. ते तीन दर आले की बेरीज परत टाकते.